गाडीचा कोड कुणाकुणाला सांगायचा?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही टेक्सासमध्ये डलासजवळ राहतो, नुकतीच सेकंडहँड फोर्ड एक्सप्लोरर घेतली. ड्रायव्हरच्या दाराशेजारच्या काळ्या पट्टीला बोट लावलं की आकडे उजळतात, कोड टाकला की दार उघडतं. ह्यांना ते फार आवडलंय, मला मात्र धाकधूक वाटते, कुणीही येऊन बटणं दाबत बसलं तर? पुढच्या महिन्यात सांगलीहून आईबाबा येतायत, त्यांना कोड द्यावा का? (एक वाचक, डलास)

ताई, ही बटणांची पट्टी, म्हणजे कीपॅड, वापरा, नक्की वापरा, पण सेकंडहँड आहे ना, मग आधी जुने कोड काढून टाका. कंपनीने दिलेला पाच आकडी कोड एका छोट्या कार्डावर छापलेला असतो, तो गाडी विकणाऱ्याकडून मागून घ्या आणि घरी ठेवा. डॅशबोर्डच्या कप्प्यात अजिबात नको, तिथे तो ज्याला नको त्याच्याच हाती लागेल. तो कोड वापरून आधीच्या मालकाने स्वतः घातलेले कोड पुसता येतात, रीत मॅन्युअलमध्ये दिलीय, आणि मग तुमचा नवा घालता येतो. कंपनीचा मूळ कोड मात्र तसाच राहतो, तो बदलायचा तर कीपॅड चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक यंत्र (मॉड्यूल)च बदलावं लागतं. म्हणजे आधीच्या मालकाला तो पाठ असेल तर आजही तो दार उघडू शकेल. पण फक्त दार. नुसत्या दाराच्या कोडने इंजिन चालू होत नाही. त्यामुळे मॉड्यूलवर खर्च करावा असं मला वाटत नाही, त्यापेक्षा लॅपटॉप, पासपोर्ट आणि जादाची चावी गाडीत ठेवायची नाही हे घरात सगळ्यांनी पाळलं तर जास्त उपयोग होईल.

आता बटणं दाबत बसणाऱ्याचं बघू. फोर्डने हा कीपॅड १९८० साली आपल्या थंडरबर्ड आणि लिंकन गाड्यांवर आणला, तेव्हापासून बटणं पाचच आहेत, १-२, ३-४, ५-६, ७-८ आणि ९-०. एका बटणावर दोन आकडे असल्यामुळे १२३४५ काय नि २१४३६ काय, गाडीला दोन्ही सारखेच. कोड एक लाख वाटतात पण खरे होतात ३१२५. हे कमीच आहेत, पण ओळीने बरीच चुकीची बटणं दाबली की कीपॅड मिनिटभर बंद पडतो, त्यामुळे पार्किंगमध्ये उभं राहून सगळे करून बघणं सोपं नाही. खरी भीती ओळखीच्या कोडची आहे. अमेरिकेत झिपकोड (आपल्या पिनकोडसारखा) नेमका पाच आकडी असतो आणि लोक तोच टाकतात, तो तर पत्त्यातच लिहिलेला! तो नको, आणि एकच बटण पाचदा असंही नको. जुन्या रबरी बटणांच्या गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट, नेहमीची बटणं झिजून वेगळी दिसतात. तीनच बटणं झिजलेली असतील तर त्या तिघांचे मिळून १५० कोड होतात, मग काम फारच सोपं झालं.

खरं तर गाडीचोर हल्ली कीपॅडच्या नादी लागतच नाहीत. बटणाने चालू होणाऱ्या गाडीची चावी घरात दाराशेजारी टांगलेली असते, तिचा सिग्नल यंत्राने लांबवून बाहेरच्या गाडीपर्यंत पोचवतात, गाडीला वाटतं चावी जवळ आली. झुरिकच्या इटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं. म्हणून चावी दारापासून लांब ठेवा, सिग्नल अडवणारं पाकीट मिळतं त्यात ठेवली तर उत्तमच.

आणि फायदा काय म्हणाल तर टेक्सासच्या उन्हाळ्यात ह्याची किंमत पैशात करता येणार नाही. बंद गाडी दहा मिनिटांत जवळजवळ २० अंश फॅरनहाइटने तापते. मूल सीटवर बांधलेलं, चावी आत, दार लॉक झालं, अशा वेळी तुमच्या डोक्यातला कोड सगळ्यात आधी कामाला येतो (नाहीच उघडलं तर एक क्षणही न घालवता ९११ ह्या आणीबाणीच्या नंबरला फोन). त्यासाठीच म्हणतो, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कोड पाठ हवा, आईबाबांनासुद्धा. त्यांच्यासाठी वेगळा कोड घालता येत असेल तर तसा घाला, ते सांगलीला परतले की पुसून टाका. आणि ७-८ व ९-० एकत्र दाबले की सगळी दारं लॉक होतात, हेही त्यांना दाखवून ठेवा, दोन्ही हातात पिशव्या असल्या की फार बरं पडतं.

प्रश्न : आम्ही मिशिगनला, इथे बर्फात हे चालतं का? की बिनभरवशाचं आहे? (एक वाचक, नोव्हाय)

चालतं, पण एकट्या त्याच्या भरवशावर घराबाहेर पडू नका. गोठणारा पाऊस पडला की पट्टीवर बर्फाचा थर बसतो, जाड हातमोज्यातून स्पर्श कळत नाही, जुन्या रबराला भेगा गेल्या की पाणी आत शिरतं. आणि थंडीत बारा व्होल्टची बॅटरी बसली की कीपॅडही गेला. त्या दिवशी रिमोटच्या आत लपलेली धातूची चावीच लागते. ती कशी बाहेर काढायची आणि दाराच्या हँडलपाशी झाकणाखालचं भोक कुठे आहे हे आत्ताच, उजेडात आणि घरासमोर बघून ठेवा. वरून चिकटवायचा वायरलेस कीपॅड घेतला असेल तर त्याचा स्वतःचा सेल असतो, पण दार उघडायला गाडीची बॅटरी लागतेच.

प्रश्न : नाशिकमध्ये माझ्या हॅचबॅकला बाहेरून असा कीपॅड बसवून घेऊ का? गॅरेजवाला म्हणतो तासाभराचं काम आहे. (एक वाचक, नाशिक)

नका घेऊ. त्यासाठी सेंट्रल लॉकच्या वायरी कापून जोड द्यावे लागले तर वॉरंटीचा प्रश्न येतो आणि जोड नीट झाला नाही तर पावसाळ्यात शॉर्टचा. चावी आत राहायची भीती असेल तर दुसरी चावी घरच्या माणसाकडे ठेवा. गाडी चोरीला जाण्याची भीती असेल तर कीपॅडने ती कमी होत नाही, त्याला स्टिअरिंगचं लॉक लावा, किंवा पुढची गाडी घेताना चालू करायलाच पिन मागणारी सोय आहे का ते विचारा, टेस्लाने २०१८ मध्ये तशी दिली होती. आणि बसवायचाच ठरवलात तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून वॉरंटीबद्दल लेखी उत्तर घ्या, मगच वायरीला हात लावू द्या.