असईचा नकाशा काढताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा असईच्या लढाईचा नकाशा पाहिला. रेघा स्वच्छ, रंग नेमके. पण कोपऱ्यात तू नुसतं '२३ सप्टेंबर १८०३' लिहून मोकळी झालीस. माझं भांडण तिथंच आहे. हा नकाशा कितीच्या सुमाराचा?

शिंदे-भोसल्यांचं पायदळ आधी खेळणा नदीच्या उत्तर काठी, दक्षिणेला तोंड करून उभं होतं. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली पूर्वेच्या अंगाने नदी उतरतोय हे दिसताच शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमनने अख्खी रांग वळवली. आता तोंड पूर्वेला, उजवं टोक खेळण्यावर, डावं टोक जुई नदीकाठच्या असई गावाशी. ती रांग मोडल्यावर उरलेले जुई पाठीशी घेऊन पुन्हा उभे राहिले. म्हणजे किमान तीन कागद झाले. तुझ्या एकाच कागदावर काही पलटणी दक्षिणेला बघतात, काही पूर्वेला! हसत नाहीये मी. माझ्या पहिल्या नकाशात इंग्रजांची ७४ वी हायलँडर पलटण एकाच वेळी नदीकाठीही होती आणि असईच्या तोफांसमोरही.

तोफांचंही तसंच. इंग्रज ज्या तोफा ओलांडून पुढे गेले, त्यांतल्या काहींवर मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून मारा सुरू केला. त्या तोफांना एकच रंग कसा देशील?

नावांच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेव. इंग्रजी कागदांतली 'कैटना' म्हणजे आपली खेळणा. गावांची नावंही त्यांनी अशीच ऐकीव लिहिलीत. मोठ्याने वाचलीस की ओळखीची होतात. आणि गावं शोभेपुरती ठेवू नकोस. वाटाडे उतार, म्हणजे नदी चालत ओलांडायची जागा, नाही म्हणत होते, पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसल्यावर वेलस्लीने ताडलं की मध्ये उतार असणारच. तो होताच. तुझ्या नकाशात नेमकी तीच दोन गावं नाहीत.

आता रांगांची लांबी. तू पलटणीसाठी ठरावीक मापाचा ठोकळा वापरलायस, तो काढून टाक. दोन ओळींत उभ्या सहाशे माणसांचे तीनशे जोड होतात. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला साधारण अर्धा मीटर धर, म्हणजे आघाडी दीडशे मीटरच्या आसपास. हे माप घेऊन दोन नद्यांमधल्या जागेत सगळ्या पलटणी मांडून बघ. मावल्या नाहीत, तर एक तर आकडा फुगवलेला आहे किंवा जागा चुकली आहे. मी या हिशेबावर कुठल्याही सेनापतीच्या खलित्यापेक्षा जास्त विसंबतो. खलिता जिंकलेला लिहितो, शिवाय दमलेला असताना.

उपग्रहचित्रावरून नदी गिरवलीस ना? पात्रं सरकतात. जुन्या मोजणीच्या नकाशावर संगम आणि देवळं जुळवून घे, मग काठ ओढ. जिथं खात्री नाही तिथं तुटक रेघ मार. त्यात कमीपणा नाही.

पावसाळा सरता सरता एकदा तिथं चालून ये. लढाई त्याच दिवसांतली. बूट जुने घाल.

तुझा,
काका