टिन व्हिसल शिकायचंय, पण शिकवणार कोण?

टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांची, उभी धरून वाजवायची छोटी आयरिश बासरी. वयाच्या तिशी-चाळिशीनंतर ती हातात घेतलेल्या वाचकांचे हे प्रश्न.

पुण्यात टिन व्हिसल शिकवणारं कुणी सापडत नाही. घराजवळ बासरीचे गुरुजी आहेत. त्यांच्याकडे गेलो तर चालेल का? (वय ४४, पुणे)

पहिले दोन-तीन महिने जरूर जा. बोटं सैल ठेवणं, श्वास पुरवणं, सूर कानात बसणं हे तिथे उत्तम होईल. फक्त सा कुठे आहे ते नीट समजून घ्या. बासरीवर वरची तीन भोकं बंद केली की सा मिळतो. डी व्हिसलवर (जिचा सर्वांत खालचा सूर डी असतो) त्याच तीन बोटांनी जी, म्हणजे पांढरी पाच लागते आणि सहाही बंद केली की डी, पांढरी दोन. त्यामुळे जी मेजरच्या, म्हणजे जी हा सा धरलेल्या, धुना तुमच्या बासरीच्या सरगमीने वाजतील. अडेल ते शुद्ध मध्यमाला. बासरीवर त्यासाठी पहिलं भोक अर्धं उघडतात. व्हिसलवर पहिलं पूर्ण उघडं ठेवून दुसरं-तिसरं बंद करायचं, की सी मिळतो. सगळी भोकं उघडी टाकलीत तर तीव्र मध्यम ऐकू येईल. डी मेजरच्या धुनांत मात्र सा म्हणजे सहाही भोकं बंद, तेव्हा सा दोन्ही जागी धरता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट फुंकीची. बासरीत ओठांनी हवेची धार घडवावी लागते. व्हिसलच्या तोंडात ती वाट तयारच असते, ओठांना काम नाही, जे काही आहे ते फुंकीच्या जोरात. बासरीवाल्यांची फुंक इथे हमखास जास्त होते आणि खालचा डी उडी मारून वरच्या सप्तकात जातो.

गुरुजी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, शिकवतील, आणि तिथूनच वाट वेगळी होते. आयरिश धुनेत सुराला सुरुवातीलाच एक बोट झटकन उचलून टेकवतात. त्याला कट म्हणतात. त्या झटक्याचा स्वतंत्र सूर कानाला जाणवता कामा नये. हे आयरिश धुना वाजवणाऱ्याकडूनच शिकावं. तेव्हा पुढे महिन्यातून दोनदा अर्धा तास असा शिक्षक ऑनलाइन गाठा.

रेकॉर्ड केलेला कोर्स घ्यावा की समोरासमोर ऑनलाइन तास? (नाशिक)

कोर्स स्वस्त पडतो आणि धुनांसाठी चांगलाही असतो, पण तुमची फुंक त्याला ऐकू येत नाही. निदान सुरुवातीचे चार-पाच तास माणसाकडून घ्या. फी ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा: प्रत्येक तासाला मला एकट्याला वाजवायला लावून ऐकाल का? आणि धून संथ व नेहमीच्या लयीत अशी दोन्ही रेकॉर्ड करून पाठवाल का? दोन्हींना हो म्हणणारा शिक्षक धरा. नुसती कागदावरची स्वरलिपी पाठवणारा टाळा, कारण धुनेच्या लयीचा डौल कागदावर उतरत नाही.

शिक्षक आयर्लंडमधला असेल तर वेळेचा हिशेब आधी करा. आयर्लंड आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं. त्यांचे संध्याकाळचे सात म्हणजे आपली मध्यरात्र. शनिवार-रविवारची त्यांची सकाळ मागा, तिथले दहा म्हणजे इथली दुपार.

झूमवर आणखी एक भानगड आहे. लांबलेला उंच सूर त्याला गोंगाट वाटतो आणि तो कापतो. शिक्षकाला मग सूर तुटक ऐकू येतो आणि दोष तुमच्या श्वासाला लागतो. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, फोन हातभर लांब आणि थोडा बाजूला ठेवा. दोघांनी एकत्र वाजवायचा प्रयत्न करू नका, आवाज उशिरा पोचत असल्याने लय जुळणारच नाही.

नोकरीसाठी डब्लिनला आलोय. इथल्या वर्गात सगळी शाळकरी मुलं दिसतात. (डब्लिन)

‘कोल्तस केओल्तोरी एरन’ ही आयरिश पारंपरिक संगीतासाठी १९५१ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या शाखा देशभर आहेत आणि मुख्यालय डब्लिनजवळ मंक्सटाउनला. वर्ग बहुधा शाळांबरोबर सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात, म्हणून ऑगस्टमध्येच शाखेला विचारा. ‘अ‍ॅडल्ट बिगिनर्स’ असा स्पष्ट शब्द वापरा, नाहीतर मुलांच्या तुकडीत नाव जाईल. तिथे शिकवणं कानाने चालतं. शिक्षक दोन-दोन मात्रागटांचा (इंग्रजीत बार) तुकडा वाजवतो, वर्ग तो परत वाजवतो. फोनवर रेकॉर्ड करायला बहुतेक शिक्षक हरकत घेत नाहीत, तरी विचारून करा.

क्लेअर परगण्यात मिलटाउन मालबेला १९७३ पासून जुलैत आयरिश पाइपवादक विली क्लॅन्सी यांच्या नावाने आठवडाभराची उन्हाळी शाळा भरते. सात-आठ धुना हाती आल्यावर तिथे जा, त्याआधी गेलात तर वेग झेपत नाही.

कोणती व्हिसल घ्यावी? लो व्हिसलचा (खालच्या सुरांच्या मोठ्या व्हिसलचा) आवाज फार आवडतो. (ठाणे)

डी व्हिसल घ्या, फेडोग, जनरेशन किंवा क्लार्क यांतल्या कोणत्याही कंपनीची. रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ मध्ये पत्र्याची व्हिसल करायला सुरुवात केली, त्यांची लाकडी ठोकळ्याची मूळ धाटणी आजही मिळते, पण तिला हवा जास्त लागते. लो डी सुमारे दोन फूट लांब असते, भोकं लांब-लांब असतात आणि बोटांच्या मधल्या पेरांनी झाकावी लागतात. ती वर्षभराने.

खालचे सूर किंचाळतात. व्हिसल खराब आहे का? (कोल्हापूर)

बहुतेक वेळा नाही. सहाही भोकं दाबून पाच सेकंद धरा आणि बोटं उलटी करून पाहा. प्रत्येक पेरावर भोकाचं पूर्ण गोल वळ दिसलं पाहिजे. जिथे अर्धंच वळ आहे, तिथून हवा निसटते. गुन्हेगार बरेचदा डावी अनामिका असते: उजवी अनामिका सहाव्या भोकाकडे ताणताना ती नकळत सरकते. बोटांची टोकं नव्हे, पेरांचा मांसल भाग टेकवा आणि बोटं सरळ ठेवा. मग वरून एकेक बोट वाढवत खाली या. फुंक चष्म्याच्या काचेवर वाफ धरण्याइतकीच.

वळं पूर्ण असूनही पाचेक मिनिटांनी आवाज घोगरा होत असेल, तर हवेच्या वाटेत लाळ-वाफेचं पाणी साचलंय. तोंडाशी जोरात हवा आत ओढली की ते निघतं. वाजवण्याआधी व्हिसलचं तोंड मुठीत गरम करा. फारच त्रास झाला तर भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब त्या वाटेत सोडून वाळू द्या. टाचणी मात्र घालू नका. आतल्या पात्याच्या धारेवर ओरखडा गेला, की सूर कायमचा बिघडतो.

सेशनमध्ये, म्हणजे एकत्र जमून आयरिश धुना वाजवण्याच्या बैठकीत, बसायला केव्हा जावं? (लंडन)

ऐकायला आजच. वाजवायला, ‘स्लो सेशन’ (संथ लयीची बैठक) असेल तिथे, पाच-सहा धुना न थांबता येऊ लागल्यावर. धुनेचा आठ मात्रागटांचा पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, आणि अख्खी धून साधारण तीनदा, असा क्रम असतो. व्हिसलचा आवाज सगळ्यांच्या वरून ऐकू जातो, तेव्हा न येणाऱ्या धुनेत बोटं चाचपडू नका. नवख्याला ‘तुम्ही एखादी सुरू करा’ असं म्हणण्याची रीत आहे. त्यासाठी एकमेकींना जोडता येतील अशा दोन जिग (नाचाच्या धुनेचा एक प्रकार) तयार ठेवा, आणि घरी वाजवता त्यापेक्षा थोड्या संथच सुरू करा, कारण मंडळी वेग आपोआप वाढवतात.