सायलेन्सर लावूनही पॉइंट टू-टू रायफल कडाडते? काडतूस बघा

सायलेन्सर बदलायची घाई नको. तो दाबतो फक्त नळीच्या तोंडाशी सुटणाऱ्या वायूचा आवाज. गोळी ध्वनीपेक्षा वेगात गेली की तिच्या वाटभर चाबकासारखा कडाका उठतो. तिथे सायलेन्सरचं काही चालत नाही.

20 अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर. 40 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) हाय-व्हेलॉसिटी, म्हणजे वेगवान गोळी 370च्या आसपास जाते, सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू जाणारी, साधारण 320. मधली स्टँडर्ड फसवी: उन्हाळ्यात शांत, पण ब्रिटनमध्ये हिवाळी रात्री सशांमागे गेलात तर शून्य अंशाला ध्वनीच 331वर उतरतो आणि एखाददुसरी गोळी कडाडते. थंडीत सबसॉनिकच घ्या.

मात्र झीरो, म्हणजे नेमाची जुळणी, त्याच काडतुसाने पुन्हा करा. 50 मीटरला जुळवलेली सबसॉनिक 100 मीटरला 20-25 सेंटिमीटर खाली लागते. सेमी-ऑटोमध्ये, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीत, सबसॉनिकने बोल्ट (नळीमागचा सरकता भाग) पुरता मागे न गेल्याने रिकामी केस अडकू शकते. शिवाय बोल्टचा खडखडाट ऐकू येतो तो वेगळाच. शांतता हवी तर हाताने बोल्ट ओढायची बोल्ट-अ‍ॅक्शन उत्तम.

60 ग्रेनची जड सबसॉनिक टाळाच. नेहमीच्या नळीत गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा 16 इंचांना एक वेढा घेतात; तेवढ्यात ती स्थिरावत नाही, डगमगत सायलेन्सरच्या आतल्या पडद्यांना घासते. शंका आली तर सायलेन्सर काढून कागदावर झाडा: भोक गोल न पडता लांबट पडलं, तर ती पेटी बाजूला ठेवा.