जोराच्या पावसानंतर गडर लाइन (सांडपाण्याची लाइन) कशी पाहायची

पाऊस थांबल्याबरोबर चेंबर उघडू नका भाऊ, एक दिवस जाऊ द्या. रस्त्यावरची मोठी लाइनच भरली असेल तर घरची धड लाइनही तुंबलेली दिसते. २३ सप्टेंबर २०२३ ला आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, तसं पाणी घरात शिरलं असेल तर आधी गाळ काढा.

मग घरातले सगळे नळ बंद करून शेवटचं चेंबर पाहा. कोणी पाणी वापरत नसतानाही बारीक धार चालूच असेल, तर जमिनीतलं पाणी फुटक्या पाइपात शिरतंय. माझ्या मते हीच सगळ्यात पक्की खूण. नंतर वरच्या चेंबरात रंग कालवलेलं बादलीभर पाणी ओता. खालच्यात कमी पोचलं तर बिघाड त्या दोघांच्या मधात. तळाशी काळी माती दिसली, तर जोड सुटलाय. आपली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; जुन्या चिनी मातीच्या पाइपांचे सिमेंटचे जोड त्यात तडकतात.

चेंबरात डोकं घालायचं नाही, काडी तर पेटवायचीच नाही. आत वायू साचतो. आणि अख्खं अंगण खोदा म्हणणाऱ्याला आधी पाइपात कॅमेरा टाकायला सांगा.