पोर्शेवाल्याला नावानिशी ओळखायचं, हे काम असतं का?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून गाड्यांचं वेड. आता म्हणतो, पोर्शे-फेरारीसारख्या गाड्यांच्या मालकांसाठी 'पर्सनलाइज्ड मार्केटिंग', म्हणजे एकेका ग्राहकाशी त्याच्यापुरतं बोलणारं मार्केटिंग, करायचंय. मेलबर्न विमानतळाजवळच्या एका बोर्डाचा व्हिडिओ त्याने मला दाखवला. पोर्शे जवळ आली की तो बोर्ड तिच्या मालकाशी बोलतो. स्टॅटिस्टिक्स सोडून त्याला एका खासगी संस्थेत 'लक्झरी ब्रँड मॅनेजमेंट'ला जायचंय. फी अठरा लाख. हे म्हणतात, गावाकडचा प्लॉट विकू. मी शाळेत शिक्षिका आहे. मला दोनच गोष्टी विचारायच्यात. हे खरोखर काम असतं का? आणि ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांची मर्जी राखायला मुलाला शिकवायचं का? – एक आई, कऱ्हाड

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

प्लॉट विकू नका. बाकीचं सविस्तर लिहिते, पण पत्र शेवटपर्यंत वाचण्याआधी घरात काही ठरू नये म्हणून हे पहिल्यांदा.

मुलाने दाखवलेला बोर्ड खरा आहे. २०१५ साली मेलबर्न विमानतळाच्या रस्त्यावर तो होता. येणाऱ्या गाड्यांवर कॅमेऱ्याची नजर असायची आणि पोर्शे ओळखली गेली की डिजिटल बोर्डावरचा मजकूर बदलायचा. 'गर्दीतही तुम्ही चटकन ओळखू येता' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य झळकायचं. ते वाक्य पोर्शेवाल्यासाठी होतं, पण मागच्या-पुढच्या गाड्यांतले लोकही ते वाचायचे. माझ्या मते खरी मेख तिथे होती. कौतुक एकाचं, आणि ते बघणारे पन्नास.

आता मुलाला एक विचारा. त्या बोर्डाला काय ठाऊक होतं? गाडी पोर्शे आहे, इतकंच. आत मालक आहे, ड्रायव्हर आहे, की सर्व्हिसिंगहून गाडी आणणारा मेकॅनिक आहे, हे त्याला कळत नव्हतं. त्याच्याही आठ वर्षं आधी, २००७ मध्ये, अमेरिकेत मिनी या गाडीच्या कंपनीने काही शहरांत निराळा प्रयोग केला होता. इच्छुक मालकांकडून आधी प्रश्नावली भरून घेतली, किल्लीला अडकवायला चिप असलेला एक तुकडा दिला, आणि बोर्डाजवळून गेलं की त्यांच्या नावाने संदेश यायचा. पहिल्याला गाडी ओळखता येत होती. दुसऱ्याला माणूस ओळखता आला, कारण माणसाने आपण होऊन ओळख दिली होती. तुमच्या मुलाला ज्या क्षेत्रात जायचंय त्याचं सगळं मर्म या फरकात आहे. तो फरक त्याला स्वतःहून सांगता आला, तर मला आनंद होईल.

टोरांटोतला एक प्रकार मला याहून आवडतो. तिथल्या एका पोर्शे विक्रेत्याच्या जाहिरातवाल्यांनी पांढरी ९११, म्हणजे पोर्शेची प्रसिद्ध स्पोर्ट्स कार, घेतली आणि श्रीमंत वस्तीत घरोघर फिरवली. घरापुढच्या मोकळ्या जागेत ती उभी करायची, त्या घरासकट फोटो काढायचा, तिथल्या तिथे छापायचा आणि त्याच घराच्या पत्रपेटीत टाकायचा. संध्याकाळी घरी आलेला माणूस पेटी उघडतो, तर आपल्याच दारात ९११ उभी! हा प्रयोग मालकांसाठी नव्हता, होऊ शकणाऱ्यांसाठी होता. यात संगणकाची करामत जवळजवळ नाहीच. उन्हातान्हात दारोदार गाडी हलवणारी माणसं आहेत.

व्हिडिओत जे दिसतं तो या कामाचा नुसता शेंडा. बुंधा कुठे आहे ते सांगते.

२०२४ मध्ये फेरारीने जगभरात मिळून १३,७५२ गाड्या दिल्या. आपली मारुती एका वर्षात २० लाखांहून जास्त गाड्या विकते. बाजाराला हव्यात त्याहून एक गाडी कमी बनवायची, हे सूत्र एन्झो फेरारींच्या नावावर सांगितलं जातं, आणि कंपनी आजही त्याच वाटेने चालते. 'लाफेरारी' नावाची गाडी काढली तेव्हा तिच्या ४९९ प्रती केल्या. त्या कोणाला द्यायच्या हे कंपनीने ठरवलं, आणि निवड झाली ती आधीपासून फेरारी बाळगून असणाऱ्यांतून. ज्या धंद्यात गिऱ्हाईक रांगेत उभं आहे, तिथे जाहिरात करायची कशाला? तिथे काम उरतं ते असलेल्या माणसाला नीट सांभाळण्याचं. त्याची पहिली गाडी कोणती होती, आतलं चामडं कोणत्या रंगाचं घेतलं होतं, ट्रॅकवर चालवतो की रविवारी सकाळी नुसता चहाला जातो, मुलगी अठरा वर्षांची झाली का, हे लक्षात ठेवण्याचं.

म्हणूनच स्टॅटिस्टिक्स सोडू नये. लाखो गिऱ्हाइकांचा डेटा असला की सरासरी कामाला येते. एका शहरातल्या दीडशे मालकांच्या यादीत सरासरीला काही अर्थ नसतो. तिथे एक माणूस वगळला तरी निष्कर्ष बदलतो. लहान नमुन्यावरून किती बोलावं आणि कुठे गप्प बसावं, हे ज्याने शिस्तीत शिकलेलं असतं त्याची या कामात किंमत आहे. असा माणूस मिळणं अवघड असतं. गाड्यांचं वेड असलेली मुलं मात्र ढिगाने मिळतात.

आणि लिहिता यायला हवं. अमेरिकेत ९११ नोंदवणाऱ्यांसाठी पोर्शेने एक सोय केली आहे. गाडी नोंदवल्यापासून हातात येईपर्यंत ती कुठल्या टप्प्यावर आहे ते मालकाला फोनवर दिसतं. जर्मनीत श्टुटगार्ट शहरातल्या त्सुफेनहाउझेन भागातल्या कारखान्यात ओळीवर असलेल्या त्याच्याच गाडीचे फोटोही येतात. विचार करा, माणूस कित्येक महिने वाट बघतोय. एरवी या काळात तो वैतागून फोन करणार. त्याऐवजी अर्धवट जोडलेल्या आपल्या गाडीचा फोटो तो जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दाखवतो. त्या फोटोसोबत दोन ओळी असतात. त्या दोन ओळी कोणीतरी बसून लिहिलेल्या असतात, आणि त्या चुकल्या तर फोटोही फुकट. याच कंपनीने 'ख्रिस्तोफोरस' नावाचं मासिक १९५२ पासून आपल्या लोकांसाठी चालवलं आहे. घरी येणारं वाचनीय मासिक हेसुद्धा मार्केटिंगच, आणि ते सत्तर वर्षांहून अधिक टिकलं.

आपल्याकडे येऊ. इथे पहिली अडचण अशी की आर.सी.वरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचं, नाव बहुतेक वेळा माणसाचं नसतं. महागडी गाडी कंपनीच्या नावावर घेतली जाते, किंवा भागीदारी संस्थेच्या, किंवा पत्नीच्या. चालवतो मुलगा. फोन उचलतो ऑफिसातला माणूस. सर्व्हिसला आणतो ड्रायव्हर. मग 'प्रिय ग्राहक' म्हणजे नक्की कोण? शोरूमच्या यादीत एकच माणूस तीन नावांनी असतो आणि तीन माणसं एका नावाखाली. हे सोडवणं म्हणजे निव्वळ डेटा साफ करण्याचं, चिकाटीचं काम. ते जमलं नाही तर वरचं सगळं डोलारा.

दुसरं, पाऊस. मुंबईत अशा गाड्या पावसाळ्यात बहुतेक झाकूनच ठेवतात. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून त्यांचा आकार बिघडतो. मेअखेरीस 'तुमच्या गाडीच्या बॅटरीला चार्जर लावून ठेवा, टायरची हवा अशी ठेवा, आमचा माणूस पाठवू का?' एवढं त्या गाडीच्या मॉडेलसह लिहिलेलं पत्र दिवाळीच्या सोनेरी कार्डापेक्षा शंभरपट आपुलकीचं असतं. हे सुचायला सर्व्हिसच्या खात्यात दिवस काढावे लागतात. जॉब कार्डावर, म्हणजे गाडी दुरुस्तीला आली की भरतात त्या कागदावर, मालकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहितात. 'स्पीडब्रेकरवर खाली घासल्यासारखं वाटतं, आई बसली की जास्त.' या ओळीत गाडीही आहे आणि घरही.

यातली चूक किती लागते, ते मी जवळून पाहिलंय. आमच्या सोसायटीतले एक काका जानेवारीत गेले. मार्चमध्ये त्यांच्या नावाने शोरूमचं जाड कार्ड आलं, नाव सोनेरी अक्षरांत, गाडीला पाच वर्षं झाल्याबद्दल अभिनंदन, काकूंना घेऊन लांबवर फिरून या. काकू ते कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या. रडत नव्हत्या. त्यांना एवढंच विचारायचं होतं की, 'मी आता तिसऱ्यांदा कोणाला फोन करून सांगू?' मुलाने इन्शुरन्सच्या वेळी त्याच शोरूममध्ये मृत्यूचा दाखला दिला होता. तो एका टेबलावरच्या फायलीत राहिला, शुभेच्छांची यादी दुसऱ्या टेबलावर होती. दोन याद्या कोणी जोडल्या नव्हत्या. त्या दिवसापासून मी या विषयाकडे चकचकीत नोकरी म्हणून बघू शकत नाही. कोणीतरी त्या दोन याद्या जोडायला हव्या होत्या. तो कोणीतरी तुमचा मुलगा असावा, असं मला मनापासून वाटतं.

कायद्याचंही भान त्याला आतापासून हवं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये वाहन नोंदणीची माहिती घाऊक विकण्याचं धोरण आणलं होतं आणि पुढच्याच वर्षी खासगीपणाच्या काळजीपोटी ते मागे घेतलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. माणसाने ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरायची, हा त्याचा गाभा, आणि दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पुढच्या काही वर्षांत प्रत्येक मोठ्या विक्रेत्याला हा कायदा आणि डेटा दोन्ही समजणारी माणसं लागणार आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो मी टाळणार नाही, कारण पत्रातला तोच खरा आहे.

या कामात खुशामत आहे. ती नाही असं मी म्हणाले तर खोटं होईल. काही लोक आयुष्यभर तेवढंच करतात. पण गाडीवाल्याला 'तुमचे टायर अजून एक हंगाम जातील, आत्ता बदलू नका' असं खरं सांगणारं पत्रही याच खात्यातून जातं, आणि ते लिहिणारा माणूस लाचार नसतो. मुलाला यातलं कोणतं पत्र लिहावंसं वाटतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तुम्ही त्याला वाढवलंय. शिवाय हातात आलेली विद्या गाडीला चिकटून राहत नाही. माणूस लक्षात ठेवायचा, त्याच्या वेळेला त्याच्या कामाचं तेवढंच सांगायचं, हे डायलिसिसच्या रुग्णांसाठी हॉस्पिटलला लागतं, तुमच्याकडच्या दूध संघाला गवळ्यांसाठी लागतं, ट्रॅक्टरवाल्यांना लागतं. ज्याला पुढे कंटाळा येईल त्याला वळायला वाट आहे.

वाटेचं सांगायचं तर फेरारी-लॅम्बोर्गिनीची दालनं आपल्या देशात मोजक्या शहरांत आहेत, तिथल्या जागाही मोजक्या. त्यामुळे दार दुसऱ्या बाजूने उघडावं लागतं. मुलगा पुण्यात आहे, ही मोठी जमेची बाजू. मर्सिडीज १९९४ मध्ये भारतात आली ती पुण्यातच, चाकणला तिचा आणि फोक्सवॅगन-स्कोडाचा कारखाना आहे, शहरात या सगळ्यांचे विक्रेते आहेत. यंदाच्या सुट्टीत त्याने एखाद्या सर्व्हिस सेंटरमध्ये दोन महिने उमेदवारी करावी, पैसे मिळोत न मिळोत. शोरूममध्ये नको, सर्व्हिसला. सोबत डेटा हाताळायच्या संगणकी भाषा शिकाव्यात : एस.क्यू.एल., आणि आर किंवा पायथन यापैकी एक पक्कं करावं. पदवीनंतर एम.एस्सी. किंवा मार्केटिंगचं एम.बी.ए. संवाद आणि मार्केटिंग एकत्र हवं असेल तर अहमदाबादची मायका ही जुनी, चांगली संस्था आहे. तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

जर्मनीचं मनात असेल तर आत्तापासून रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्युलर भवनात जर्मन सुरू करू दे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, पण पोर्शेचं श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो पडतात. राहण्याखाण्याचा वर्षाचा खर्च आधी खात्यात दाखवावा लागतो, तो वेगळा. तरीही हे सगळं अठरा लाखांच्या त्या कोर्सपेक्षा विचार करण्याजोगं आहे.

त्या संस्थेला एक फोन जरूर करा. गेल्या वर्षीची मुलं कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर लागली, आणि त्यातल्या दोघांशी बोलायला मिळेल का, एवढंच विचारा. माहितीपत्रकातले फोटो दाखवू लागले तर फोन ठेवून द्या.

आणि मुलासाठी एक काम. तुमच्या शाळेत कोणाकडे तरी जुनी अल्टो किंवा वॅगनआर असेलच. त्याने त्या शिक्षकांशी अर्धा तास बोलावं, गाडी कधी घेतली, कुठे जाते, कशाचा त्रास होतो ते ऐकावं, आणि पावसाळ्याआधी त्यांना गॅरेजकडून जावं असं एक पानाचं पत्र मराठीत लिहावं. शिक्षकांना दाखवून, त्यांच्या परवानगीने, ते मला पाठवावं. मी वाचेन, खुणा करून परत पाठवेन, आणि मग आपण तिघं फोनवर बोलू.