वर्धन, विशालन आणि '४०० पट'

सांगलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे : हळदीच्या पेशींचे छायाचित्र इंटरनेटवर मिळाले, खाली '४०० एक्स' आहे. शाळेच्या भित्तिपत्रकावर '४०० पट वर्धन' लिहावे की 'विशालन'?

विशालन लिहावे. शालेय विज्ञानात तो रुळलेला आहे आणि जीवशास्त्रात अधिक नेमकाही आहे. 'वर्धन'मध्ये वृध् म्हणजे वाढणे. ऊती संवर्धनात पेशी खरोखरच वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आहे तेवढीच राहते, मोठी दिसते ती प्रतिमा. 'आवर्धन' हिंदीतला, त्याची आपल्याला गरज नाही. 'एक्स'ला 'पट' चांगला, मात्र हा पट लांबीचा. क्षेत्रफळ १,६०,००० पट होते, म्हणून '४०० पट मोठी पेशी' असे लिहू नये.

शब्द ठरला, पण आकडा तपासायलाच हवा. ४०० म्हणजे १० पटीची नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) गुणिले ४० पटीचे वस्तुभिंग (वस्तूजवळचे भिंग). हे नेत्रिकेला डोळा लावणाऱ्यासाठी खरे. छायाचित्र पडद्यावर ताणले, कागदावर छापले की विशालन बदलते. काही जण तर नुसत्या वस्तुभिंगाचा आकडा लिहितात.

म्हणून शोधताना कोपऱ्यात मापपट्टी, म्हणजे खरी लांबी सांगणारी रेघ, असलेलेच चित्र निवडावे. विकिमीडिया कॉमन्स या चित्रांच्या ऑनलाइन संग्रहात अशी चित्रे मिळतात. वर्णन आणि परवाना दोन्ही वाचावेत. छापून झाल्यावर पट्टी फूटपट्टीने मोजावी. ती २० मिलिमीटर भरली आणि वर '५० मायक्रोमीटर' असेल, तर २० मिलिमीटरचे २०,००० मायक्रोमीटर, भागिले ५०, म्हणजे ४०० पट. तेच चित्र दुप्पट छापले की पट्टी ४० मिलिमीटर, विशालन ८००. मिलिमीटरचे मायक्रोमीटर करायचे राहिले की उत्तर हजारपटीने चुकते. चित्र कापताना पट्टी कापली गेली, तर हा हिशेबच करता येत नाही.

पट्टी नसेल तर ओळखीच्या मापाची वस्तू शोधतात. माणसाची तांबडी रक्तपेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर असते. बाजारातल्या हळदीत स्टार्चच्या कणांवरून ही युक्ती चालत नाही. हळकुंडे शिजवलेली असल्याने ते कण फुगून एकमेकांना चिकटतात, पेशीत पिवळा गोळाच दिसतो.

आणि 'विशालन'ला 'विभेदन' समजू नये. जवळचे दोन बिंदू वेगळे दिसणे म्हणजे विभेदन. ते भिंग ठरवते. चित्र ताणून फक्त ठिपके मोठे होतात.

भित्तिपत्रकावर '४०० पट' गाळून पट्टीसह एवढेच लिहावे : 'हळदीच्या पेशी. मापपट्टी : ५० मायक्रोमीटर.' आकडा अर्थातच तुमच्या चित्रावरचा.