कर्जावर घेतलेली सेकंड हँड गाडी डीलरला परत केली तर कर्ज संपतं का?

नाही. गाडी जाते, हप्ते राहतात.

तुम्ही लिहिलंय की वर्षापूर्वी घेतलेली जुनी गाडी आता झेपत नाही आणि डीलर म्हणतोय, "आणून लावा, बघू." वाहनकर्जाच्या वसुलीत मी बरीच वर्षं काढली आहेत. "गाडी तर परत दिली, आता पैसे कसले मागता?" हा प्रश्न तिथे नेहमीचाच. डीलरला त्याचे पैसे कर्ज मंजूर झालं तेव्हाच मिळाले, त्याचा आणि तुमचा व्यवहार तिथेच मिटला. तुम्ही देणं लागता ते कर्ज देणाऱ्या कंपनीचं, आणि ते माफ करायचा अधिकार डीलरला नाही.

समजा कर्ज ५ लाखांचं, व्याज १४ टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता साधारण ११,६३४ बसतो. वर्षभरात तुम्ही जवळपास १ लाख ४० हजार भरलेत, पण त्यातले ६५ हजार व्याजात गेले. मुद्दल फिटलं फक्त ७४ हजार, म्हणजे बाकी अजून ४ लाख २६ हजार. दरम्यान गाडी आणखी एक वर्ष जुनी झाली. तुम्ही ती कंपनीच्या हवाली केलीत तर ती यार्डात उभी राहील आणि लिलावात जाईल. लिलावातला भाव बाजारापेक्षा पडलेलाच असतो, कारण तिथे घेणारे बहुतेक व्यापारी असतात. ३ लाख २० हजार आले आणि यार्डभाडं, लिलावाचा खर्च मिळून १५ हजार लागले, तर १ लाख २१ हजारांची मागणी तुमच्या नावावर येते. तीही गाडी हातात नसताना. जामीनदार असेल तर त्यालाही नोटीस जाते. "स्वतःहून दिली" याचा फायदा फार तर गाडी ओढून नेण्याचा खर्च वाचण्यापुरता. क्रेडिट रिपोर्टवर नोंद व्हायची ती होतेच. उरलेल्या रकमेवर तडजोड केलीत तर खातं "सेटल्ड" दिसतं, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी तो शेरा नडतो.

डीलरच्या "बघू"मध्ये दोन शक्यता असतात. एक, तो गाडी विकत घेऊन तुमचं कर्ज थेट कंपनीकडे भरतो. हे चांगलं, फक्त त्याचा भाव कमी असेल. दुसरी, तो स्वस्तातली दुसरी गाडी पुढे करतो आणि जुन्या कर्जातली तूट नव्या कर्जात घालतो. हप्ता कमी दिसतो, पण मुदत लांबते आणि जी गाडी तुमच्याकडे नाही तिच्यावरही व्याज भरत बसावं लागतं. माझ्या मते ही सगळ्यात महागडी सुटका आहे.

गाडीत दडवलेला दोष निघाला असेल, म्हणजे मीटर मागे फिरवलेला किंवा अपघात लपवलेला, तर प्रकरण वेगळं. तेव्हा सौदाच रद्द करायची मागणी डीलर आणि कंपनी दोघांकडे लेखी करा, पण रद्द झाल्याचं पत्र येईपर्यंत हप्ता थांबवू नका. तुमची अडचण पैशांची दिसते, त्यामुळे हा मार्ग बहुधा तुमचा नाही.

मी तुमच्या जागी असतो तर आधी कंपनीकडून फोरक्लोजरची, म्हणजे कर्ज मुदतीआधीच एकदम बंद करायची रक्कम दंडासकट लेखी घेतली असती. मग दोन-तीन ठिकाणी गाडीचा भाव काढून कंपनीच्या संमतीने ती स्वतःच विकली असती. तूट तरीही राहील, पण लिलावापेक्षा बरीच कमी. गाडी ठेवायचीच असेल तर मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, हे पहिला हप्ता चुकायच्या आत विचारा. चुकल्यावर समोरच्याचा सूर बदलतो. कर्जासोबत एखादा विमा गळ्यात मारला असेल, तर कर्ज बंद करताना त्याचा उरलेला प्रीमियम परत मिळतो का तेही बघा. बरेच जण हे विसरतात.

चावी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून पोच घ्या. कर्जाचं खातं बंद झाल्याचं पत्र आणि एनओसी (कंपनीचं आता काही देणं नाही असा दाखला) हातात येईपर्यंत बँकेतला ऑटो-डेबिट चालू ठेवा. नोंदणीवरचं तुमचं नाव उतरल्याशिवाय डीलरला ती गाडी कोणाला चालवायला देऊ देऊ नका, अपघात झाला तर पहिली विचारणा तुमच्याकडेच होईल.